कच्चा लेप

ब्रेक लागला, पण उशिरा लागला. का उशिरा लागला हे केतकी भुयारला गाडी थांबायच्या आधीच कळलं होतं.

अमरावतीचा बडनेरा रोड, सकाळची वर्दळ. स्टिअरिंगवर नाझिया नावाची नर्सिंगची विद्यार्थिनी, शिकायला लागून आठवडाही झाला नव्हता. शेजारच्या सीटवर शिकवायला केतकी, स्कूल तिच्या घरचंच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. स्वतःहून ब्रेक दाबणाऱ्या गाड्या रस्त्यावर येऊन इतकी वर्षं झाली, पण आरटीओचा नियम काही बदलला नाही. शिकण्याच्या गाडीत ती सोय बंद ठेवायची, आधी माणसाचा पाय तयार झाला पाहिजे. त्यामुळे त्या गाडीत काही भरवसा असेल तर तो केतकीच्या उजव्या पायाचा.

दुभाजकाच्या फटीतून एक बाई स्कूटर काढत थेट आडवी आली. मागे एक लहान मूल तिच्या कमरेला धरून बसलेलं. नाझिया जागच्या जागी गोठली. केतकीने ब्रेक दाबायचं ठरवलं, आणि पाय हललाच नाही. तिच्या डोक्यात 'राम' चालू होतं. मग 'कृष्ण' झालं. मग 'हरी' आलं, आणि 'हरी' आल्याबरोबर पाय खटकन खाली गेला. तोवर नाझियानेच घाबरून स्टिअरिंग फिरवलं होतं आणि गाडी दुभाजकावर चढून बसली होती. स्कूटरवाली दोन सणसणीत शिव्या हासडून निघून गेली. मूल मात्र मागे वळून बघत राहिलं.

"सॉरी मॅडम, माझीच चूक झाली," नाझिया रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुम्ही दाबला नसता तर काही खरं नव्हतं."

"असू दे. होतं असं शिकताना," केतकी म्हणाली. खोटं बोलताना जीभ जड होते म्हणतात, तिची झाली नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं. उरलेले तीन क्लास तिने डोकं दुखतं म्हणून रद्द केले आणि रिक्षा करून घरी आली. रिक्षात बसल्या बसल्याही आत चालूच होतं. राम, कृष्ण, हरी. राम, कृष्ण, हरी.

आता हे काय गौडबंगाल आहे ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

केतकीला एमएस होता. मल्टिपल स्क्लेरोसिस. घरातल्या वायरीला जसं प्लास्टिकचं वेष्टन असतं, तसं आपल्या मेंदूतल्या आणि मणक्यातल्या तंतूंनाही असतं. शरीराचे जे शिपाई जंतूंशी लढायचे, ते या रोगात घरभेदी होतात आणि हे वेष्टनच कुरतडतात. वायर उघडी पडली की निरोप अडखळतो. मेंदू म्हणतो चल, पायापर्यंत ते पोचतच नाही. त्यात अमरावतीचा उन्हाळा. उघड्या वायरीला उष्णता मुळीच सोसत नाही. मे महिन्यात केतकी कूलरसमोर बादलीत पाय घालून ओल्या फडक्यासारखी पडलेली असायची. वय अडतीस, आणि बाथरूमपर्यंत न्यायला नवरा लागायचा.

जुनी औषधं त्या शिपायांना वेसण घालायची. त्यांचा धोका सरळ होता. शिपाईच बांधून घातले तर खरा चोर आला की कोण लढणार? म्हणून रक्त तपासा, मेंदूचे फोटो काढा, ताप आला की धावा. एवढं करूनही ती औषधं फक्त पुढचं नुकसान थांबवायची. गेलेलं वेष्टन गेलं ते गेलंच.

नागपूरच्या एका इस्पितळात ज्याची चाचणी सुरू झाली ते औषध वेगळं होतं. त्याचं खरं नाव कुणालाच धड उच्चारता येत नसे, रोगी त्याला 'लेप' म्हणायचे. मेंदूत वेष्टन घालणाऱ्या पेशी असतात, झोपी गेलेल्या. लेप त्यांना जागं करायचा. पण या पेशींची एक खोड आहे. त्या सरसकट सगळ्या तंतूंना गुंडाळत नाहीत. ज्या वाटेवर रहदारी जास्त, तिला आधी. शेतातून रोज जिथून जा-ये होते तिथेच पायवाट पडते ना, तसं. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, "पहिला डोस घेतला की सहा महिने चाला. जे वापराल ते गुंडाळलं जाईल." पहिला लेप कच्चा असायचा, न वापरलेल्या जागी आपोआप विरणारा. सहा महिन्यांनी दुसरा डोस मिळाला की तो कायमचा पक्का.

आणि इथे आल्या ज्योत्स्नाबाई.

ज्योत्स्नाबाई म्हणजे केतकीच्या सासूबाई. जिल्हा परिषदेच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा की मैदानाच्या पलीकडची म्हैस उभी राहावी. सून चालायला लागणार म्हटल्यावर बाईंच्या अंगात जणू पुन्हा शाळा भरली. पहाटे अंगणात केतकीचा हात खांद्यावर घेऊन त्या 'एक-दोन-एक' सुरू करायच्या. पण बाई जितक्या कवायतीच्या, तितक्याच नामाच्या. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "आकडे मोजून काय मिळते वं? नाव घे. पायही सुधरेल अन् पुण्यही लागेल." मग प्रत्येक पावलाला एक शब्द. राम, कृष्ण, हरी. आणि कवायतीत कसं, थांबायचं तेही ठरल्या ठोक्यावर, म्हणून थांबायचं ते 'हरी'वर. मधे थांबलं की बाई पुन्हा पहिल्यापासून चालायला लावायच्या.

केतकी काही फार देवभोळी नव्हती. पण दमून, घामाघूम होऊन, सासूच्या खांद्याला लोंबकळत ती नाव घ्यायची तेव्हा तिला खरोखर बळ यायचं. महिन्याभरात ती भिंत धरून चालली. तीन महिन्यांत भिंत सुटली. दिवाळीला तिने स्वतः रांगोळी काढली, उकिडवं बसून, आणि पुष्कर, तिचा नवरा, आत जाऊन रडला. तिच्या बुटात इस्पितळाने बसवलेला तळवा होता, प्रत्येक पाऊल नागपूरला कळवणारा. तिथून निरोप यायचा, तुमची चाल सगळ्यांत सरस. कौतुकाने चढून तिने रोग्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. अंगणात ती आणि सासूबाई, पावलागणिक नाम. चाचणीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी तो पाहून तसंच सुरू केलं. ताई, ताई म्हणून तिला नमस्कार येऊ लागले.

तर अशी ती घरी आली, आणि बूटही न काढता पुष्करला म्हणाली, "मी इथून तिथपर्यंत चालते. तू मधातच कधीही थांब म्हण."

"काहून?"

"म्हण तर खरं."

ती चालली. पुष्कर म्हणाला, थांब. ती आणखी दोन पावलं गेली आणि उभी राहिली. तो हसला. "ऐकू येत नाही का?" पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तो तिच्या समोरच उभा राहिला आणि थांब म्हणाला, आणि ती सरळ त्याच्या अंगावर येऊन आदळली. मग तो हसला नाही.

"हरी आल्याशिवाय पाय ऐकत नाही," केतकी म्हणाली. "पाय अन् नाव एकाच वेष्टनात गुंडाळले गेले. आज एक लेकरू मरता मरता वाचलं पुष्कर."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होतं. दुसरा डोस पुढच्या आठवड्यात होता.

"तो डोस होऊन जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "मग सांगू."

"तो झाला की हे पक्कं होईल."

"झालं तर झालं. चालून तर राहिली ना तू? गाडी नको शिकवू. ऑफिसात बस, मी माणूस ठेवतो गाडीवर. हातचं सोडून पळत्याच्या मागे काय लागते? आत्ता सांगितलं तर ते डोस देणारच नाहीत. अन् हा लेप असाच विरून गेला तर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "दोन वर्षं तुला उचलून नेलं मी. तक्रार नाही केली. पण पुन्हा ते म्हटलं ना, तर माझ्यात दम नाही राहिला."

त्याचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. केतकीला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. तिला ती दोन वर्षं आठवली, कूलरसमोरची ती बादली आठवली.

ज्योत्स्नाबाई कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात कधीच्या उभ्या होत्या. त्यांनी यातलं भलतंच उचललं. "म्हणजे तू न म्हणता नाव चालू राहते?"

"हो आई. जेवताना, भांडताना, परवा मयतीला गेले तिथे पण."

बाईंनी कणकेच्याच हातांनी हात जोडले. "अवं, जन्म घालवतात लोक यासाठी. आपण न करता नाम होत राहते, अजपाजप म्हणतात त्याले. मला पन्नास वर्षांत नाही साधला. अन् तू अशी तोंड पाडून बसली?"

"आई, तो जप मी करत नाही. तोच मला ओढत नेतो," केतकी म्हणाली. "तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते तेव्हा त्यात देव होता. खरंच होता. आता नुसती मोटर चालू आहे, बंद करायचं बटण नाही."

बाईंचा चेहरा उतरला. त्या आत गेल्या, आणि बराच वेळ आतून पोळीचा वास आला नाही.

पुढचे दोन दिवस केतकी घरभर भिरभिरत राहिली. बसली तरी चैन नाही, उठली तरी नाही. कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. सांगितलं तर पाय जातो. नाही सांगितलं तर काय होतं? आपण गाडी सोडू, रस्ता जपून ओलांडू, कुणाला काय कळतंय. असं तिने मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं. तेवढ्यात ग्रुपवर परतवाड्याच्या एका मुलीचा मेसेज आला. 'आमचे बाबा आजपासून एकटे चौक ओलांडून पेपर आणायला जातात. नाव घेत घेत. सगळी केतकीताईंची कृपा.' खाली हात जोडल्याची रांग.

परतवाड्याचा चौक केतकीने पाहिला होता. संत्र्याचे ट्रक तिथे कुणासाठी थांबत नाहीत. तिने घाईघाईने लिहिलं, 'त्यांना एकटं सोडू नका.' लगेच उत्तर, 'का हो ताई?' तिने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग फोन बाजूला ठेवला आणि पुष्करला म्हणाली, "मी उद्या नागपूरला जाते."

पुष्करने पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं. बोलल्या त्या ज्योत्स्नाबाई. "मी येते संगं. शिकवलं मी आहे."

डॉ. इंगोले ही चाचणी बघायचे. उमदा माणूस, पण आलेखाच्या प्रेमात पडलेला. केतकीला बघून त्यांनी पडद्यावर तिच्या चालीचा आलेख उघडला. सगळ्या पावलांमधलं अंतर सारखं, रेघ कशी ताठ. "बाकीच्यांना मी हा दाखवतो," ते म्हणाले. मग ठरलेले प्रश्न सुरू झाले. ताप? डोकेदुखी? नजर धूसर? लघवीची जळजळ? मन उदास?

"मला थांबवून दाखवा," केतकी म्हणाली.

"म्हणजे?"

"मी चालते. तुम्हाला वाटेल तिथे थांबवा."

त्यांनी थांबवलं, ती थांबली नाही. त्यांनी तिच्या पुढे खुर्ची सरकवली, ती खुर्चीला धडकली. चौथ्या वेळी डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं. मग केतकीने त्यांना नामाचं आणि हरीचं सगळं सांगितलं. ते परत आलेखाजवळ गेले आणि त्या ताठ रेघेकडे बघत उभे राहिले.

"निरोगी माणसाची चाल इतकी सारखी नसतेच," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि मी ही भिंतीवर लावली होती." मग केतकीकडे वळून, "औषध नवं असलं की आम्ही जुन्या औषधांचे धोके शोधत बसतो, ताई. संसर्ग झाला का, यकृत बिघडलं का. थांबता येतं का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. चाचणीत तुम्ही रेघेपर्यंत चालता आणि रेघेवर थांबता. रेघ समोर दिसत असते, मग हरी बरोबर तिथे आणता येतो."

"आणते मी," केतकी म्हणाली. "नकळत आणते."

डॉक्टरांनी तिथूनच व्हिडिओवर एकेका रोग्याला उठवलं, चालवलं, मधेच थांबायला सांगितलं. व्हिडिओ बघून चालणारे बहुतेक सगळे तसेच पुढे गेले. परतवाड्याचे बाबाही गेले. एकजण नाम न घेता नुसते आकडे मोजत चालायचा, त्याचा पाय 'चार'ला बांधलेला निघाला. जे वेडेवाकडे, गप्पा मारत, रमतगमत चालले होते, ते मात्र ठीक होते.

ज्योत्स्नाबाई इतका वेळ पदराचं टोक पिळत होत्या. "डॉक्टर, नाम वाईट असते का हो?"

"नामाचा दोष नाही, आजी. रोज एकाच ठोक्यावर, एकाच जागी थांबत गेलात त्याचा आहे. आणि ते आम्ही बघायला हवं होतं, तुम्ही नाही."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. दुसरे डोस सगळ्यांचे थांबणार. नव्या रोग्यांना औषध देणं बंद. "कच्चा लेप अजून सुटू शकतो. ती जोडलेली वाट वापरली नाही, पाय सारखा अवेळी अडवला, तर वेष्टन विरेल आणि पाय मोकळा होईल. असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय, माहीत नाही. नामाबरोबर पायाचंही विरून जाऊ शकतं."

"अन् सुटला तर?"

"एकाचा जरी पाय मधे थांबला, तर मी चाचणीच्या समितीपुढे उभा राहू शकतो, की हे उलटवता येतं. मग तुमचा दुसरा डोस, आणि बाकीच्यांचं औषध. नाही सुटला तर हे औषध गेलं म्हणून समजा."

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे पोचली होती. अनोळखी नंबरावरून फोन आला. "दर्यापूरहून विलास गावंडे बोलतो. माझी पोरगी कॉलेजात आहे. पुढच्या महिन्यात तिला ते औषध मिळणार होतं. आता नाही म्हणतात."

"हो. मला माहीत आहे."

"तुम्ही चालत गेल्या दवाखान्यात. चालत. अन् दार लावून आल्या."

केतकी स्कूटरवरच्या लेकराचं सांगायला लागली, पण मधेच सोडून दिलं. पलीकडचा माणूस ओरडत नव्हता, तेच तिला सहन होईना. "चमचा धरता येत नाही तिला," तो म्हणाला. "तुमचं भलं झालं, आमचं काय ते सांगा." आणि उत्तराची वाट न बघता त्याने फोन ठेवला. त्या दिवशी केतकी पोटभर रडली. आपण बरोबर केलं हे माहीत असूनही कुणाच्या पोरीच्या हातातला चमचा आपणच काढून घेतला असं तिला वाटत राहिलं, आणि ते काही केल्या जाईना.

त्यानंतर भुयारांच्या घरात जे सुरू झालं ते बघून शेजाऱ्यांना वाटलं, बाई आता सुनेचा छळ करायला लागल्या. केतकी ताट घेऊन निघाली की आतून, "थांब." दाराशी गेली, "थांब." कधी सलग तीनदा, कधी तासभर नाहीच. ज्योत्स्नाबाईंनी आयुष्यभर पोरींना ठोक्यावर थांबायला शिकवलं होतं, आता त्या ठोका चुकवायला शिकवत होत्या, आणि ते त्यांनाही जड जात होतं. रोज संध्याकाळचा मोठ्याने म्हणायचा हरिपाठ त्यांनी बंद केला, कारण तो कानावर पडला की केतकीचा पाय जागच्या जागी ताल धरायचा. पन्नास वर्षांत न चुकलेली गोष्ट. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. दिवा लावायच्या आणि तोंड मिटून बसायच्या.

"आई, दार लावून म्हणा ना," केतकी एकदा म्हणाली.

"मनात म्हणते. पोचते त्याच्यापर्यंत," बाई म्हणाल्या. "तू कपबशी ठेव अन् चाल. थांब."

केतकी थांबली नाही.

होळी गेली, ऊन तापलं, आणि झालं ते उलटंच. हरी काही सुटेना, पण पाय मात्र ओढायला लागला. उजवा अंगठा जमिनीला घासू लागला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पुष्करने माळ्यावरची काठी खाली काढली, पुसली आणि दाराआड उभी करून ठेवली. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही. एके सकाळी त्याने तिच्या बुटाचे बंद बांधले आणि तसाच खाली बसून राहिला. "उचलीन मी," म्हणाला. "दम नाही म्हटलं होतं ना, ते सोड. उचलीन." केतकीने त्याच्या केसांवर हात ठेवला. तिला तेव्हा फार बरं वाटलं आणि तितकीच भीतीही वाटली, कारण आता उचलायची वेळ खरंच जवळ आली होती.

त्यानंतर काही दिवसांनी त्या दोघी सासवासुना सकाळी वडाळी तलावाच्या वाटेवर चालत होत्या. केतकी पुढे, पाय ओढत, आत तेच राम-कृष्ण-हरी दळत. बाई दहा-पंधरा पावलं मागे राहिल्या होत्या. त्या थकल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी एकदाही थांब म्हटलं नव्हतं. त्यांच्याही मनातून ते गेलं होतं की काय कोण जाणे.

झाडीतून कुत्र्याचं एक पिलू भेलकांडत वाटेवर आलं, नुकते डोळे उघडलेलं. केतकीचा उजवा पाय हवेत होता. 'राम' होऊन गेलं होतं, 'कृष्ण' यायचं होतं, आणि पाय बरोबर त्या पिलावर पडणार होता.

पाय पडला नाही. तो हवेतच थांबला. पुढचा शब्द आलाच नाही. डोक्यात क्षणभर काहीच नव्हतं, आणि इतक्या महिन्यांनी आलेल्या त्या शांततेने केतकी इतकी दचकली की तोल सावरायचं राहूनच गेलं. ती धाडकन पुढे पडली. गुडघे फुटले, तळहात सोलवटले. पिलू कुईं करत बाजूला पळालं.

फिरायला आलेले चार-पाच जण धावले. कुणी पाण्याची बाटली काढली, कुणी तिच्या दंडाला धरलं. मागून ज्योत्स्नाबाई धापा टाकत आल्या आणि लोकांना बाजूला सारून तिच्यासमोर मातीतच बसल्या.

"कशावर थांबली?" त्यांनी विचारलं.

"कृष्णाच्या आधी."

"हरी?"

"नाही आला आई." केतकीने कोपरावर भार देत मान वर केली. "मधातच थांबला. मीच थांबवला."

"मधातच पडली तू," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अहो काकू, रडता काय, उचलू द्या त्यांना," बाटलीवाला म्हणाला.

"हात लावू नका तिला. पडू द्या जराशी. लय दिवसांनी पडली ती."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. "कशी सासू आहे पहा," मागून एक बाई पुटपुटली. केतकीला ते ऐकू आलं आणि तिला हसू फुटलं. तिने रक्ताळलेला हात पुढे करून सासूच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"फोन काढा, आई. आधी डॉक्टरांना सांगा. मग दर्यापूरला गावंडेंना लावा, त्यांच्याशी मी बोलते."